आरसा उलटा वळला, अर्चू

अर्चू, तुझा आरसा उलटा वळला, आणि त्याला कुणी हात लावला नाही.

एवढं आधीच सांगून टाकते. मी गोष्ट सांगायला बसले की शेपटापासून सुरू करते आणि डोक्यापर्यंत पोहोचेस्तोवर ऐकणाऱ्याचा चहा थंड होतो, हे तुझंच म्हणणं. "वहिनी, निकाल पहिले सांगत जा, मंग काय फोडणी घालायची ते घाल." घे, निकाल पहिले. परवा दुपारी तुझ्या प्रोग्रामनं आरसा फिरवला, बेट विरलं, आणि तुमची ती आग ठरलेल्या वेळेपर्यंत उभी राहिली.

तुमच्या मशीनवरून जोसेफ साहेबांचा फोन आला तेव्हा मी इथे रायपुरात, शंकर नगरला ऑफिसात होते. मी "जमलं" म्हणून असं काही ओरडले की मोठ्या बाबूंना वाटलं माझी बदली थांबली. त्यांनी अभिनंदन केलं, मी ते घेतलं. येताना दोन किलो जिलेबी घेतली आणि बुढापाऱ्यात आपल्या गल्लीच्या तोंडापासून वाटत घरी आले. तुझे दादा दारात उभे होते.

"घरातलं माणूस जाऊन वीस दिवस नाही झाले, अन् तू जिलेबी वाटून राहिली?"

"तिच्याच नावाची आहे. खा."

त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. उभ्या उभ्या तीन खाल्ल्या त्यांनी. मग मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सुरू ठेवला. मी पाण्याबद्दल काही बोलले नाही, यावरून माझी मनःस्थिती ओळख.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गल्ली भरली होती. वंदना झाली, चार लोक बोलले. सगळ्यांनी तुला शास्त्रज्ञ म्हटलं आणि तू नेमकं काय करत होतीस ते कुणीच सांगितलं नाही, कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. जेवताना भिलाईच्या मावशींनी मला धरलं. "अर्चना करत काय होती वं तिथं?" मी म्हटलं, "सूर्याच्या पोटात असते त्याच्याहून गरम आग बनवते त्यांची मशीन. तिले मायक्रोवेव्हनं आणखी शेकायचं, हे तिचं काम." मावशी म्हणाल्या, "मायक्रोवेव्ह त आमच्याकडेही आहे." मी म्हटलं, "हव, पण त्याच्यात उपमा गरम होते." तू असतीस तर तिथल्या तिथे मला बाजूला सारून सतरंजीवर आकृती काढायला बसली असतीस.

माझ्यासाठी तशी बसली होतीस एकदा. तोवर पुष्कळ वर्षं मी तुझ्या अँटेनाबद्दल भलतंच सांगत आले होते. अँटेना म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे छतावरचा, कावळे बसायचा तो. शेवटी एका उन्हाळ्यात, सुट्टीवर आलेली तू, कूलरपुढे कॅरमबोर्ड टाकून बसलीस आणि त्यावर पावडरचं एक जाड कडं काढलंस.

"हे प्लाझ्मा. इतकं गरम की कोणत्याच भांड्याले शिवू द्यायचं नाही. चुंबकांनी अधांतरी धरून ठेवायचं."

"अन् शिवलं त?"

"त विझते. आता हे पाह्य." तू बोटानं कड्यात एक फुगवटा केलास. "कधी कधी अशी गाठ येते. आम्ही तिले बेट म्हणतो. सगळी ऊब तिथून गळून जाते. वाढू दिलं त एका झटक्यात सगळं बसते. म्हणून त्या बेटाच्या बरोबर पोटात मायक्रोवेव्हचा किरण सोडायचा. बाजूले पडला की वाया."

आणि तुझा अँटेना म्हणजे एक लांब नळी, तिच्या तोंडाशी ताटलीएवढा तांब्याचा आरसा. आरसा वळला की किरण वळतो. बेट जागेवर राहत नाही, सरकतं. म्हणून मोजायचं, गणित करायचं, आरसा वळवायचा, पुन्हा मोजायचं, असं पापणी लवायच्या आत कित्येकदा. माणसाला ते जमणारं नाही, म्हणून तुझा प्रोग्राम. इथपर्यंत मला कळलं होतं. मी फुशारकीनं म्हटलं, "म्हणजे जिथं बेट दिसते तिकडे आरसा करायचा. सोपं आहे."

तू स्वयंपाकघरातून पाण्यानं भरलेली परात आणलीस आणि तिच्यात पळी उभी केलीस. "वाकडी दिसून राहिली ना? प्लाझ्मात माझा किरण खरंच वाकडा होते. त्यात आरसा जड, त्याले वळाले वेळ लागते, तोवर बेट पुढे सरकलेलं असते. म्हणून माझा आरसा कधी कधी बेट सोडून भलतीकडे वळते. पाहणाऱ्याले वाटते, हा चुकला. तो चुकलेला नसते, वहिनी. तो पोहोचाची तयारी करत असते."

मी मान डोलावली. मग ती परात उचलताना अर्धं पाणी कॅरमबोर्डावर सांडलं, आणि प्लाझ्माचा विषय त्या दिवसापुरता संपला.

त्या नळीत एक खिडकी असते आणि ती हिऱ्याची असते, हेही तू त्याच सुट्टीत सांगितलंस. ते नको होतं सांगायला. तुला न विचारता मी तीन ठिकाणी तुझा बायोडाटा धाडला होता, त्यात मी "हिऱ्याच्या खिडकीसमोर कायमस्वरूपी नोकरी" असं घातलं. एका मुलाकडच्यांनी खिडकी कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. नवव्या दिवशी फोन करून म्हणालीस, "त्याहिले सांग, खिडकी बँकेकडे गहाण आहे." आणि इतकी हसलीस की मला वाटलं लाइन खराब झाली.

आपलं खरं भांडण तेच, नाही का? मी हात लावणारी बाई. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू अकरावीत होतीस. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रसायनशास्त्राची वही घेऊन बसायचीस, आणि एक दिवस मान वर न करता म्हणालीस, "वहिनी, भाताचं झाकण अकरा वेळा उघडलं तू. भात तुह्यावर भरवसा ठेवून राहिला, तू पण ठेव ना थोडा." तेव्हापासून तीस वर्षं आपण भाताचंच भांडण भांडलो, वेगवेगळ्या भांड्यांत. रिया कॉलेजचा फॉर्म भरत होती, मी मागून माऊस धरला आणि भलत्याच विषयावर खूण केली. पोट्टी चार दिवस घुश्शात. आपल्या घरच्या नव्या पिढीप्रमाणे रागही हिंदीत: "मम्मी, आप हर जगह हाथ क्यों डालते हो?" तू तिची बाजू घेतलीस.

"ज्याले काम येते त्याले करू द्यायचं, वहिनी."

"अन् त्यानं बिघडवलं त?"

"हात लावणाऱ्यानंही बिघडते. फक्त त्याले कोणी बिघडवलं म्हणत नाही, काळजी घेतली म्हणते."

मी भात बघायला गेले.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस आला. प्रोग्रामच्या ताब्यात आरसा द्यायची पहिली खेप. तुझ्या बाजूला जोसेफ साहेब बसले होते, तुमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, मूळचे केरळचे, साऱ्या मशीनला ज्यांच्या हाताची सवय. त्यांच्या टेबलावर एक मूठ असते. ती धरली की प्रोग्राम बाजूला आणि आरसा माणसाच्या हाती. सगळं ठीक चाललं होतं. बेट आलं, आरसा वळला, आणि वळला तो बेटाच्या उलट दिशेला. साहेबांचा हात मुठीवर गेला. त्यांनी आरसा "सरळ" केला. किरण बाजूला पडला, बेट वाढलं, आणि प्लाझ्मा बसला.

साहेबांचा दोष तू कधी काढला नाहीस, हे मला लिहून ठेवायचं आहे. तरुणपणी त्यांनी एक खिडकी तडकताना पाहिली होती, दुसऱ्या कुठल्याशा जागी. प्लाझ्मा विझला, किरण वेळेत थांबला नाही, उलटून आला, आणि कित्येक महिने काम बंद पडलं. त्या माणसाचा हात आपोआपच जाणार. पण चौकशीच्या कागदावर साहेबांच्या हाताबद्दल एक ओळ नव्हती. तिथे लिहिलं गेलं: प्रोग्रामचे वर्तन शंकास्पद, यापुढे मुठीला प्राधान्य.

तू सुट्टीवर घरी आलीस, मोरीत परात घासत उभी राहिलीस आणि एकदाच म्हणालीस, "वहिनी, आरसा बरोबर होता."

मी म्हटलं, "असेल बाप्पा." मला माफ कर त्या "असेल"बद्दल. मी तेव्हा मनात साहेबांच्या बाजूची होते. आरसा उलटा जाताना दिसला असता तर मी नुसती मूठ धरली नसती, उपटून हातात घेतली असती.

नंतर दुखणं निघालं आणि तू रायपूरला आलीस ती राहायलाच. समोरची खोली तुझी झाली. औषधांच्या वेळा मी कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिल्या, तू त्याच कॅलेंडरच्या मागच्या पानांवर समीकरणं लिहिलीस, आणि एकदा मी तुला गोळीऐवजी समीकरण वाचून दाखवलं. आठ महिने तू त्या एका दिवसाचा डेटा पुन्हा पुन्हा चालवलास. साहेबांनी हात लावला नसता तर काय झालं असतं, एवढाच प्रश्न. रियाला तू शेजारी बसवून घेतलंस. ज्या पोरीला तिच्या आईनं चुकीच्या विषयात ढकललं होतं, ती तुझ्यामुळे स्क्रीनवरच्या रेघा वाचायला शिकली. एक दिवस ती आतून ओरडत आली, "मम्मी, आत्या सही है। ये देखो, मिरर खुद वापस आ रहा है।" मला त्या रेघेत काही दिसलं नाही. पण तुझा चेहरा दिसला. केस गेलेले, गाल बसलेले, आणि दहावीचा निकाल हातात घेतलेल्या मुलीसारखे डोळे. त्या दिवशी मी तुझ्या बाजूची झाले. उशीरच झाला.

तू तो सगळा अभ्यास धाडलास. तिकडे बैठका झाल्या आणि परवानगी मिळाली. आणखी एक खेप, पण एका अटीवर: मूठ टेबलावर राहणार आणि ती धरायची की नाही ते ऑपरेटर ठरवणार. ऑपरेटर जोसेफ साहेबच, त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष. म्हणजे तुझं इतक्या वर्षांचं काम त्या एका माणसाच्या उजव्या हातापाशी येऊन थांबलं. त्यांनी पुन्हा मूठ धरली की प्रोग्राम कपाटात, आणि तुझ्या नावापुढे "शंकास्पद" कायमचं.

तारीख ठरली. त्याच्या आधी तू गेलीस. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. तू तिथेच होतीस, तुला माहीत आहे.

तर परवा. साहेबांनी मला फोनवर दोनदा सांगितलं, मी घरी चारदा सांगितलं, त्यामुळे माझ्या सांगण्यात थोडी भर पडली असेल ती तू वजा कर. ते म्हणाले, "भाभीजी, बेट आया। मैं देख रहा था। और मिरर उधर ही गया, वही उल्टा साइड, बिलकुल दो साल पहले वाला। मेरा हाथ उठ गया।"

मी विचारलं, "फिर?"

"फिर क्या, आपने मैडम का जो मैसेज बताया था, वो याद आया। दोनों हाथ जाँघ के नीचे दबाके बैठ गया, जैसे स्कूल में बच्चे को बिठाते हैं। पीछे सब लोग खड़े थे, मुझे देख रहे थे, स्क्रीन को कोई नहीं देख रहा था।"

आणि आरसा परत आला, अर्चू. आपला आपण. बेट सरकत त्याच्या वाटेवर आलं आणि किरण बरोबर त्याच्या पोटात बसला. रियाला त्यांनी ती रेघ पाठवली आहे. वर चढलेली, एक क्षण थांबलेली, आणि मग खाली, खाली, पार तळाशी. आता मलाही दिसते ती. पुन्हा एक बेट आलं, आरसा पुन्हा भलतीकडे वळून पुन्हा परतला, तेही विरलं. शेवटपर्यंत प्लाझ्मा उभा. संपलं तेव्हा म्हणे कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. सगळे साहेबांचे हात बाहेर निघायची वाट बघत होते. हात मुंग्या येऊन बधिर झाले होते. एका पोरीनं ते चोळून दिले, मग टाळ्या झाल्या.

तुमच्याकडे प्रत्येक खेपेनंतर नोंदवहीत लिहायची पद्धत आहे. त्यात एक रकाना "आरसा कोणाच्या ताब्यात". साहेब म्हणाले, इतकी वर्षं तिथे त्यांनी आपलं नाव लिहिलं. प्रोग्राम चालला तरी आपलंच, कारण जबाबदारी टेबलावरच्या माणसाची. परवा त्यांनी तिथे तुझं नाव लिहिलं. शेजारचे एक साहेब म्हणाले की असं चालत नाही, ती व्यक्ती आता हयात नाही. जोसेफ साहेबांनी त्यांना पेन दिलं आणि म्हणाले, "तो आप काट दीजिए।" कुणी काटलं नाही.

जुन्या कागदावरचा तो शब्दही आता जाणार आहे. नवी टीप लिहिली जात आहे, आणि रियाची रेघ, म्हणजे तू रियाला दाखवलेली, त्या टिपेसोबत जोडली जाणार आहे. आरसा बरोबर होता. त्या दिवशीही होता. मी हे भाजीवाल्यालाही सांगितलं आहे.

आता जे सांगायला खरी बसले ते.

साहेब ज्याला तुझा शेवटचा निरोप म्हणतात, तो तुझा नव्हता. तो मी बनवला.

मागच्या हिवाळ्यात एकशे दोन तापात तू तुमच्या मोठ्या साहेबांना मेल केला होतास, की आरसा थकलेला दिसतो, त्याला आठ दिवसांची रजा द्यावी. त्यांनी बिचाऱ्यांनी अदबीनं विचारलं होतं, कोणत्या प्रकारची रजा. ताप उतरल्यावर तू नियम केलास. "शंभरच्या वर गेलं की माझं ऐकायचं नाही. मेल लिहून घे, पण पाठवू नको. बिघडलेल्या सेन्सरवर माझा प्रोग्रामही भरवसा नाही ठेवत. शंभरच्या आत असलं त निमूट पाठवायचं." मी कबूल केलं होतं.

तू गेलीस त्याच्या तीन दिवस आधी, दुपारी, तू मला लॅपटॉप उघडायला लावलास. बोटं चालत नव्हती, म्हणून तू हिंदीत सांगितलंस आणि मी टाइप केलं. जोसेफ साहेबांना. "जरा जरी शंका आली तर मूठ धरा. आयुष्यभर तुमच्या हातानं ही मशीन सांभाळली आहे. तुमच्या शेवटच्या वर्षात माझ्या प्रोग्राममुळे तुमच्या नावावर काही लागलेलं मला आवडणार नाही. मी शिकले ते तुमच्या शेजारी बसून." एवढं सांगून तू दमलीस. "पाठव," म्हणालीस, आणि डोळे मिटलेस.

मी थर्मामीटर लावला. नव्याण्णव पॉइंट चार. पुन्हा लावला. तेच.

अर्चू, मी आवक-जावक सांभाळणारी बाई आहे. अठ्ठावीस वर्षांत माझ्या टेबलावर कागद दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलेला नाही. पुढे साहेब लोकांकडे तो सहा सहा महिने झोपतो, ते निराळं. पण तो मेल मी पाठवला नाही. मला एवढं दिसत होतं, की साहेबांना शंका येणारच. पहिल्याच वळणावर येणार. आणि हे हातात असलं तर ते मूठ धरणार, तेही तुझ्या शब्दाला मान देऊन. आठ महिने समोरच्या खोलीत जे तू उभं केलंस ते तुझ्याच मायेनं पडणार. मी मनाशी म्हटलं, उद्या सकाळी ही ताजी असली की पुन्हा विचारते. खरोखर विचारणार होते. सकाळी तू बोलण्यासारखी नव्हतीस, आणि नंतर बोललीच नाहीस.

खेपेच्या आदल्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला. मी कणीक भिजवत होते. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "भाभीजी, मैडम मेरे लिए कुछ बोल के गई क्या?"

लॅपटॉप माझ्यापासून चार पावलांवर होता. सांगायला एकच खरं होतं. मी म्हटलं, "हव, बोली थी। बोली, साहब को बोलना, आईना उल्टा जाए तो समझना सही जा रहा है। हाथ मत लगाना।"

ते म्हणाले, "मैडम ही ऐसा बोल सकती है।" मी कणकेच्या हातानंच फोन ठेवला.

जन्मभर तू मला गोष्टीत तिखटमीठ घालू नको म्हणालीस, आणि मी जो काय सगळ्यात मोठा खोटेपणा केला तो तुझ्या तोंडी घातला. पण त्यातलं एक अक्षर तुझ्या परातीबाहेरचं नव्हतं. आणि खिडकी तडकली असती तर? प्लाझ्मा विझला की किरण आपोआप कापणारी तुझी सोय आहे, ती रियानं मला तीनदा समजावली होती. तरी परवा सकाळपासून दुपारपर्यंत मी ऑफिसात एका लिफाफ्यावर चार वेळा शिक्का मारला.

तर मग आता आपल्या भांडणाचं काय? तू म्हणायचीस, चालत्या कामात हात घालू नये. परवा कुणी घातला नाही आणि तू जिंकलीस. पण कुणी घालू नये म्हणून मला घालावा लागला, तुझ्या मेलमध्ये, तुझ्या नियमात, तुझ्या शेवटच्या शब्दात. म्हणजे जिंकले मी. मला तर आपण दोघी एकाच वेळी जिंकलेल्या दिसतो, जे या घरात याआधी झालेलं नाही. तू असतीस तर चिडली असतीस. किती चिडली असतीस ते ऐकायला मी आज काय दिलं असतं, ते जाऊ दे.

काल संध्याकाळी मी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मेल में क्या लिखी थी?" मी वाचून दाखवला. शेवटची ओळ रियानं वाचली. साहेब म्हणाले, "ये मुझे उस दिन मिलता तो मैं पहली सेकंड में पकड़ लेता।"

"मालूम है साहब। इसीलिए..."

"हाँ हाँ। ठीक किया आपने।" मग ते म्हणाले, "लेकिन अब भेज दीजिए। वो तो मेरा है।"

आज सकाळी पाठवला. तुझं एक अक्षर बदललं नाही, शपथ. फक्त वरती हिंदीतच माझ्या दोन ओळी लिहिल्या: "साहेब, अर्चनानं हा मेल तुम्हाला पाठवायला सांगितला होता, मी अडवून ठेवला. आता यातला हुकूम तेवढा सोडून द्या, बाकीचं सगळं तुमचं आहे."